पेरणीपूर्वी बी कसे तयार करावे: अवर्षणात पीक तगण्यासाठी भिजवण, सुकवण आणि जिवाणूंची जोड

पेरणी झाली की जमिनीत एक शर्यत सुरू होते. बी चार-पाच सेंटीमीटर खोलीवर पडलेले असते आणि ऊन-वाऱ्याने वरची ओल रोज थोडी थोडी खाली सरकत असते. त्याच वेळी बियाण्यातून निघालेले मूळ त्या ओलीचा माग काढत खाली जाऊ पाहते. मूळ ओलीच्या पुढे राहिले तर वरची माती कोरडी पडली तरी रोप तगते. ओल आधी निसटली तर तेच रोप जमिनीच्या वर येण्यापूर्वी किंवा दोन पानांवर असतानाच सुकते, आणि मग दुबार पेरणीची वेळ येते. अवर्षणाला तोंड देण्यासाठी केलेल्या बीजप्रक्रियेचे खरे काम या शर्यतीत मुळाला आघाडी मिळवून देणे हे आहे. ती जमिनीत पाणी निर्माण करत नाही आणि महिनाभराच्या खंडात पीक वाचवण्याची हमीही देत नाही. मात्र उगवणीतला एखादा-दुसरा दिवस वाचवते, आणि ओल उडून चालली असताना तो एखादा दिवसच रोपांची संख्या ठरवतो. या लेखातील प्रत्येक पायरी हे मर्यादित पण मोलाचे उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे.

बियाण्याच्या आत काय घडते

कोरडे बी पाण्यात पडल्यावर तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात ते वेगाने पाणी शोषते व फुगते. हे शोषण स्पंजासारखे असते आणि मेलेले बीसुद्धा तेवढेच फुगते. दुसऱ्या टप्प्यात पाणी घेणे जवळपास थांबते, बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत सर्वांत महत्त्वाचे काम चाललेले असते. साठवणुकीत खराब झालेल्या पेशींची दुरुस्ती होते, श्वसन वाढते, साठवलेले पिष्ट आणि प्रथिने फोडणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात. तिसऱ्या टप्प्यात मूळ बियाण्याचे आवरण फोडून बाहेर येते आणि पाणी घेणे पुन्हा वाढते.

सारी बीजप्रक्रिया दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या सीमेवर अवलंबून आहे. दुसऱ्या टप्प्यात असलेले बी पुन्हा सुकवले तरी जिवंत राहते, आणि आत झालेले बरेचसे काम टिकून राहते. पुढे त्याला पाणी मिळाले की ते सुरुवातीपासून आरंभ न करता थांबल्या जागेवरून पुढे जाते. मूळ बाहेर आल्यानंतर मात्र ही सहनशक्ती झपाट्याने संपते, आणि मोड आलेले बी सुकले की ते मरते. म्हणून बियाण्याला उगवणीच्या उंबरठ्यापर्यंत आणायचे आणि मोड दिसण्याआधी थांबवायचे, हे या कामातले मुख्य कौशल्य आहे.

उगवणीसाठी किती पाणी लागते हे पिकागणिक बदलते. मक्याच्या बियाण्याला स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी पुरते, तर सोयाबीनला सुमारे ५० टक्के लागते. अर्धवट ओल असलेल्या जमिनीत हे पाणी मिळवण्यातच बियाण्याचे दोन-तीन दिवस जातात. तेच पाणी भांड्यात काही तासांत देता येते, आणि म्हणूनच भिजवून पेरलेले बी लवकर वर येते.

ही कल्पना नवीन नाही. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व काळातच काकडीचे बी दुधात किंवा पाण्यात भिजवल्यास लवकर उगवते अशी नोंद केली होती. आधुनिक काळात वॉल्टर हायडेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पाण्याचा प्रवेश नियंत्रित करणाऱ्या द्रावणात बी ठेवून उगवण वेगवान करण्याची पद्धत मांडली. तिथून ‘सीड प्रायमिंग’ हा शब्द रूढ झाला. पुढे डेव्हिड हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत मका, भात आणि हरभरा यांवर प्रयोग केले. ते बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवत, पृष्ठभाग कोरडा करत आणि लगेच पेरत. महागडी द्रावणे न वापरता, घरातल्या भांड्यात होणारी ही पद्धत आजही सर्वांत उपयुक्त आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भिजवून-सुकवलेल्या बियाण्यापासून आलेले रोप आयुष्यभर दुष्काळसहनशील होते असा दावा अनेकदा केला जातो. काही प्रयोगांत तशी लक्षणे दिसली आहेत, पण सर्वत्र आणि सातत्याने दिसलेली नाहीत. खात्रीने सांगता येण्यासारखा फायदा म्हणजे लवकर व एकसारखी उगवण, लवकर खोल जाणारे मूळ आणि त्यामुळे भरगच्च उभे राहिलेले पीक. हा फायदा लहान समजू नये. विरळ उगवलेल्या शेतात नंतर कितीही खत-पाणी केले तरी नांग्या भरून निघत नाहीत.

आधी बी पारखून घ्यावे

निकृष्ट बियाण्यावर केलेली प्रक्रिया वाया जाते, इतकेच नव्हे तर नुकसानही करते, कारण जुने आणि दुबळे बी पाण्याचा झपाट्याने होणारा प्रवेश सोसू शकत नाही. म्हणून पेरणीच्या किमान दहा दिवस आधी उगवणक्षमता तपासावी. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळाच्या थरांतून बी घेऊन ते मिसळावे आणि न निवडता १०० दाणे मोजावेत. निवडून चांगले दाणे घेतले की चाचणीचा अर्थच संपतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत दाणे ठेवून वरून दुसरा ओला तुकडा घालावा, गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून ओल टिकवावी. पिकानुसार चार ते आठ दिवसांनी निरोगी मूळ व कोंब असलेली रोपे मोजावीत. बुरशी लागलेले, नुसते फुगलेले आणि वाकडेतिकडे मोड आलेले दाणे मोजणीत धरू नयेत. उगवण त्या पिकाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बरीच कमी आली तर ते बी भिजवण्याच्या फंदात न पडता बदलावे.

भात आणि बाजरीसाठी मिठाच्या पाण्याची चाळणी सोपी आणि परिणामकारक आहे. भातासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तर अरगट या कणसावरील बुरशीजन्य रोगाच्या गाठी वेगळ्या काढण्यासाठी बाजरीला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवतात. बी त्यात ओतून ढवळले की पोचट दाणे व रोगट गाठी वर तरंगतात. त्या काढून नष्ट कराव्यात आणि तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावे. धुण्यात कुचराई केल्यास दाण्यावर उरलेले मीठ पुढे उगवणीत अडथळा आणते.

रंगीत लेप दिलेले, म्हणजे कारखान्यातच बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले बी कधीही भिजवू नये. लेप धुऊन जातो, पिकाचे संरक्षण जाते आणि भांड्यातले पाणी विषारी बनते. असे बी पाकिटावरील सूचनेप्रमाणे जसे आहे तसेच पेरावे.

सुरक्षित मुदत स्वतः काढणे

कोणत्याही पिकाची भिजवण किती तास, याचे आकडे पुस्तकात मिळतात. मका १६ ते १८ तास, भात १२ ते १८ तास, गहू १२ तास, ज्वारी १० तास, हरभरा, मूग आणि बाजरी ८ तास, असे साधारण मान आहे. पण या आकड्यांना सुरुवातीचा अंदाज इतकेच महत्त्व द्यावे. वाण बदलला, बियाण्याचे वय बदलले किंवा पाणी पाच-सात अंशांनी गरम झाले की मुदत बदलते. उन्हाळी दिवसांत ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जे काम आठ तासांत होते, त्याला थंडीत बारा तास लागू शकतात.

सुरक्षित मुदत म्हणजे बी जास्तीत जास्त इतका वेळ भिजवावा की बाहेर काढून पृष्ठभाग कोरडा केल्यावर, आणखी पाणी न मिळाल्यास, ते स्वतःहून मोड धरणार नाही. ही मुदत ओलांडलेले बी कोरड्या मातीत पडले तरी थांबत नाही. ते मोड काढते आणि ओल न मिळाल्याने मरते. मुदतीच्या आतले बी मात्र पेरणीनंतर पाऊस लांबला तर पुष्कळ वेळा तसेच थांबून राहते. कोरडवाहू शेतात जगणे आणि मरणे यांतला फरक इथे पडतो, म्हणून ही चाचणी टाळू नये.

ती अशी करावी. पेरायच्याच बियाण्यातून प्रत्येकी ५० दाण्यांचे सहा गट करावेत आणि प्रत्येक गट पातळ कापडाच्या पुरचुंडीत सैल बांधावा. सर्व पुरचुंड्या एकाच वेळी पाण्यात टाकाव्यात आणि ४, ६, ८, १२, १६ व २४ तासांनी एकेक बाहेर काढावी. तासांची चिठ्ठी प्रत्येक पुरचुंडीला लावायला विसरू नये. बाहेर काढलेले दाणे कोरड्या कापडावर पसरून पृष्ठभाग सुकवावा आणि झाकण असलेल्या कोरड्या भांड्यात ठेवावेत. दोन दिवस रोज पाहावे. ज्या गटात एकाही दाण्याला मोड आलेला नाही अशा गटांपैकी सर्वांत जास्त तासांचा गट ही त्या बियाण्याची वरची मर्यादा. प्रत्यक्ष काम करताना त्या मर्यादेपेक्षा दोन तास कमीच भिजवावे, कारण मोठ्या भांड्यातले पाणी आणि हवामान चाचणीच्या दिवसासारखेच असेल याची खात्री नसते. नंतर प्रत्येक गटातील दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजली तर भिजवण्याने बियाण्याला इजा झाली का, हेही त्याच चाचणीत कळते.

साध्या पाण्यात भिजवून लगेच पेरणे

जमिनीत ओल आहे, पण ती फार काळ टिकणार नाही अशी परिस्थिती असेल तर ही पद्धत वापरावी. पेरायचे बी आधी कोरडे असतानाच तोलून घ्यावे, कारण भिजल्यावर वजन वाढते आणि वजनावरून हेक्टरी बियाणे मोजणारा माणूस फसतो. भांडे रुंद व उथळ घ्यावे. खोल पिंपाच्या तळाशी गुदमरलेल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि त्यांची उगवण घसरते. बियाण्याच्या आकारमानाच्या दीडपट ते दुप्पट पाणी पुरते. ते गोडे, स्वच्छ आणि २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. मचूळ किंवा खारे पाणी बियाण्यातल्या पाण्याच्या प्रवेशालाच विरोध करते, त्यामुळे विहिरीचे पाणी खारे असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

बी पाण्यात टाकल्यावर ढवळावे, वर तरंगणारे पोचट दाणे व काडीकचरा काढून टाकावा. भिजवण आठ तासांपेक्षा जास्त असल्यास मध्ये एकदा पाणी बदलावे, म्हणजे आंबूस वास येत नाही आणि हवा मिळते. ठरलेले तास संपले की पाणी पूर्ण निथळावे व बी सावलीत स्वच्छ चटईवर पातळ पसरावे. दाणे एकमेकांना न चिकटता हातातून मोकळे सुटू लागले की पृष्ठभाग पुरेसा सुकला असे समजावे. हवामानानुसार यास अर्धा ते दोन तास लागतात. ओलसर दाणे पेरणीयंत्राच्या नळीत अडकतात आणि ओळीत मोठ्या खांडी पडतात, म्हणून इथे घाई करू नये. भिजलेले बी त्याच दिवशी पेरून संपवावे. भिजवण संध्याकाळी सुरू केली तर सकाळी थंड वेळी पेरणीला बी तयार मिळते, हा वेळेचा मेळ बहुतेक पिकांना साधतो.

अचानक पाऊस आला आणि पेरणी थांबली तर भिजवलेल्या बियाण्याचे ढीग लावून ठेवू नयेत. ढिगात श्वसनाने उष्णता वाढते आणि काही तासांत बी तापून निकामी होते. ते ताबडतोब पातळ पसरून पुढील पद्धतीप्रमाणे सुकवावे.

भिजवून पुन्हा मूळ वजनापर्यंत सुकवणे

पेरणीचा दिवस नक्की नसेल किंवा पावसापूर्वी कोरड्या जमिनीत पेरायचे असेल, तर बी भिजवल्यावर पुन्हा मूळ ओलाव्यापर्यंत सुकवावे. विसाव्या शतकात सोव्हिएत संशोधक गेंकेल यांनी या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला आणि तिला बियाण्याचे कणखरीकरण म्हटले जाऊ लागले. तिचा मोठा फायदा असा की असे बी पेरणीयंत्रातून नेहमीप्रमाणे वाहते आणि काही दिवस थांबू शकते.

सुकवण पुरेशी झाली का, हे ओलावामापक नसतानाही तराजूने कळते. समजा १० किलो बी भिजल्यावर १३.५ किलो झाले. ते पुन्हा १० किलोच्या जवळ येईपर्यंत सुकवायचे. सावली, वाहती हवा आणि दर अर्ध्या तासाने हात फिरवून पालटणे, इतकेच या कामाला लागते. कडक उन्हात किंवा तापलेल्या सिमेंटच्या फरशीवर सुकवू नये. बाहेरचा थर झटकन आकसतो, आतला गर ओलाच राहतो आणि दाण्याला सूक्ष्म तडे जातात. ज्वारी-बाजरीसारखे लहान दाणे कोरड्या हवेत एका दिवसात मूळ वजनावर येतात, मक्यासारख्या मोठ्या दाण्यांना दोन दिवस लागू शकतात. हवा दमट असेल आणि दोन दिवसांत वजन उतरण्याची शक्यता नसेल तर हे काम हाती घेऊ नये, कारण तेवढ्यात बुरशी येते.

एक फेरी पुरेशी आहे. दोन किंवा तीन फेऱ्यांची शिफारस जुन्या साहित्यात आढळते, पण प्रत्येक फेरीत इजा होण्याचा धोका वाढतो आणि मिळणारा जादा फायदा त्या मानाने थोडा असतो. सुकवलेले बी साध्या बियाण्याइतके टिकत नाही. आतली यंत्रणा जागी झालेली असल्याने त्याचे वय लवकर वाढते. आठ-दहा दिवसांत पेरता येईल इतकेच बी तयार करावे, आणि उरलेले पुढच्या हंगामासाठी बियाणे म्हणून ठेवू नये.

क्षारांची द्रावणे केव्हा वापरावीत

पाण्याऐवजी क्षाराचे सौम्य द्रावण वापरल्यास दोन गोष्टी घडतात. द्रावणामुळे पाण्याचा प्रवेश थोडा मंदावतो, त्यामुळे दाण्याला इजा कमी होते. शिवाय पोटॅशियम, कॅल्शियम किंवा फॉस्फरस यांचा लहानसा साठा बियाण्यात जातो. भातासाठी १ टक्का पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम, ज्वारीसाठी २ टक्के पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे १ लिटरात २० ग्रॅम, आणि नाचणीसाठी ०.५ टक्के कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे १ लिटरात ५ ग्रॅम, ही प्रचलित प्रमाणे आहेत. ज्वारी व नाचणी सुमारे सहा तास आणि भात सुमारे सोळा तास द्रावणात ठेवतात, नंतर मूळ वजनापर्यंत सुकवतात.

द्रावण किती घ्यायचे यालाही महत्त्व आहे. तृणधान्यांच्या १ किलो बियाण्याला ६०० मिलिलिटर ते १ लिटर द्रावण पुरते. कडधान्यांना मात्र १ किलोला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटरच द्यावे, म्हणजे दाणा बुडून न राहता ते हळूहळू शोषून घेतो. क्षार तोलताना अंदाजपंचे काम करू नये. ‘थोडे जास्त घातले तर जास्त चांगले’ या समजुतीने केलेले द्रावण बियाण्यातले पाणी बाहेर ओढते आणि उगवण मारते. मोजण्याचा काटा नसेल तर साधे पाणी वापरावे. त्यात तोटा अगदी थोडा आहे.

जमिनीत जस्त कमी असेल तर मक्याचे बी १ टक्का झिंक सल्फेटच्या द्रावणात भिजवण्याचा उपयोग होतो. गव्हाला त्याहून बरेच सौम्य द्रावण लागते आणि हरभऱ्याला तर ०.०५ टक्के इतकेच सोसते. पिकापिकांतला हा वीसपट फरक लक्षात घेतला तर एका पिकाचे प्रमाण दुसऱ्याला लावणे किती धोक्याचे आहे ते कळेल. आम्लयुक्त जमिनीत हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींना मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडते. तिथे भिजवण्याच्या पाण्यात १ लिटरला अर्धा ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट घालणे उपयोगी ठरले आहे.

नाजूक बी: सोयाबीन आणि भुईमूग

सोयाबीनचे आवरण पातळ असते आणि आतली दले झपाट्याने पाणी ओढतात. अगदी कोरडे बी थेट पाण्यात टाकले की बाहेरचा थर फुगतो, आतला कोरडाच राहतो, आणि या ताणाने दले तडकतात. पाणी गढूळ, दुधाळ दिसू लागले तर बियाण्यातली साखर व प्रथिने बाहेर झिरपत आहेत असे समजावे. म्हणून सोयाबीन बुडवून भिजवू नये. फारतर ओल्या, पण पाणी न ठिबकणाऱ्या गोणपाटात काही तास ठेवून त्याला सावकाश ओलावा द्यावा. तेही थोड्या बियाण्यावर करून उगवण पाहिल्याशिवाय सगळ्या बियाण्यावर करू नये. अनेक परिस्थितींत सोयाबीनला केवळ कोरडा लेप देऊन पेरणे हाच सुज्ञ मार्ग ठरतो.

भुईमुगाचे दाणे हाताळताना लाल साल निघू देऊ नये, कारण साल गेलेला दाणा जमिनीतल्या बुरशीला उघडा पडतो. शेंगा पेरणीच्या थोडे दिवस आधीच फोडाव्यात. बी जोराने चोळू नये, गोणपाटावर ठेवून दोन टोके उचलत हलवावे म्हणजे लेप सगळीकडे बसतो.

बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धके: क्रम चुकू नये

ओलावा कमी पडलेले रोप मुळकुज आणि मर यांना लवकर बळी पडते. त्यामुळे अवर्षणाच्या तयारीत रोगापासूनचे संरक्षणही येते. क्रम असा ठेवावा: भिजवण व सुकवण आधी, रासायनिक बुरशीनाशक त्यानंतर, कीटकनाशक लागत असेल तर त्यानंतर, आणि जिवाणू संवर्धके, म्हणजे पाकिटातून मिळणारे उपयुक्त जिवाणू, सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी. रसायनाचा लेप आधी सुकून दाण्याला चिकटतो आणि वर येणाऱ्या जिवाणूंशी त्याचा संपर्क कमी होतो. तांबेयुक्त बुरशीनाशके रायझोबियमला, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंना, घातक असल्याने ती या जोडीत वापरू नयेत. रोगकारक बुरशींना रोखण्यासाठी लावली जाणारी ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, तिला बुरशीनाशकासोबत लावणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. दोन्हींपैकी एकच निवडावे. जिथे रोगाचा जुना त्रास नाही तिथे मी ट्रायकोडर्मा निवडेन, कारण ती मुळांवर वस्ती करून हंगामभर टिकू शकते.

कोरड्या परिस्थितीत जिवाणूंचा उपयोग केवळ नत्र किंवा स्फुरद मिळवून देण्यापुरता नसतो. पाण्याचा ताण बसला की वनस्पती इथिलीन हा वायुरूप संजीवक जास्त बनवते आणि त्याने मुळांची वाढ खुंटते. मुळांभोवती राहणारे काही जिवाणू इथिलीनचा कच्चा माल फोडून खातात, त्यामुळे ताणातही मूळ वाढत राहते. स्यूडोमोनास आणि बॅसिलस या गटांत असे जिवाणू आढळतात.

लेप देण्यासाठी १ लिटर पाण्यात १०० ते १२५ ग्रॅम गूळ विरघळवून उकळावा आणि पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम पाकात जिवाणू मरतात. १० किलो बियाण्यासाठी २५० ग्रॅमचे जिवाणू संवर्धक या पाकात कालवून दाटसर लगदा करावा. दाण्यांवर पातळ थर बसेल इतकाच तो घ्यावा, बी भिजून लडबडता कामा नये. ट्रायकोडर्माचे प्रमाण दर किलोला साधारण ४ ते १० ग्रॅम असते, नेमका आकडा पाकिटावर पाहावा. रायझोबियम पिकानुसार वेगळे असते. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनच्या मुळांवर गाठी करत नाही, आणि मुदत उलटलेले पाकीट कोणत्याच पिकाला उपयोगाचे नसते. लेप दिलेले बी सावलीत अर्धा तास सुकवावे व त्याच दिवशी, शक्यतो उन्हे चढण्यापूर्वी पेरावे. रसायन लावताना हातमोजे व तोंडाला आवरण वापरावे. उरलेले बी माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी, ते जमिनीत खोल गाडावे.

पेरताना

भिजलेले दाणे आकाराने मोठे असतात, त्यामुळे यंत्राची चकती किंवा पाभरीतून बी सोडण्याचा वेग पुन्हा तपासावा लागतो. शेताच्या कडेला वीस-पंचवीस मीटर यंत्र चालवून पडलेले दाणे मोजले की पुरते. बी ओलीच्या थरात पडले पाहिजे. वरची माती कोरडी असेल तर ती फणाने बाजूला सारून खालच्या ओलसर मातीत दाणा ठेवावा, पण कोंबाला वर येता येणार नाही इतके खोल जाऊ नये. पेरणीनंतर माती दाण्यावर हलकी दाबली गेली तर ओल दाण्यापर्यंत चढते. भुसभुशीत, ढेकळे असलेल्या मातीत दाण्याभोवती पोकळी राहते आणि केलेली सारी तयारी त्या पोकळीत वाया जाते. चिकण जमिनीत वापसा (मशागतीला योग्य इतकी ओल) नसताना दाबणे मात्र टाळावे, वर पापुद्रा धरून कोंब अडतो.

एका धोक्याचा विचार पेरणीआधी करावाच लागतो. तयार केलेले बी थोड्या ओलीवरही जागे होते, आणि हाच त्याचा गुण काही वेळा उलटतो. कोरड्या जमिनीत पेरल्यावर हलकी सर आली, फक्त वरचे दोन-तीन सेंटीमीटर भिजले आणि मग मोठा खंड पडला, तर साधे बी कदाचित थांबले असते, पण तयार बी उगवून सुकते. म्हणून खालची माती किमान १५ सेंटीमीटरपर्यंत ओली आहे का, हे फावड्याने खणून पाहावे. मूठभर माती दाबून तिचा गोळा होतो की विस्कटते, हे पाहून ओल ओळखता येते. ओल इतकी नसेल आणि पाऊस अनिश्चित असेल तर सगळे शेत एकाच पद्धतीने न पेरता काही भाग साध्या बियाण्याने पेरावा. जिथे खंड वारंवार पडतात तिथे असे धोक्याचे विभाजन मला कोणत्याही द्रावणापेक्षा महत्त्वाचे वाटते.

तुलनेसाठी एक पट्टा राखावा

प्रक्रिया केली म्हणून पीक चांगले आले, की पाऊसच बरा झाला, हे तुलना केल्याशिवाय कळत नाही. शेताच्या मध्यभागी, सारख्याच जमिनीत, चार ओळी त्याच बियाण्याच्या पण प्रक्रियेविना पेराव्यात आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. पेरणीनंतर पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी दोन्ही भागांत पाच ठिकाणी प्रत्येकी एक मीटर ओळीतली रोपे मोजावीत. पंधराव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच रोपे मातीच्या ढेकळासह हलक्या हाताने खणून काढावीत, पाण्यात धुवावीत आणि मुळांची लांबी पट्टीने मोजावी. पाऊस लांबलेल्या काळात सकाळी अकराच्या सुमारास कोणत्या भागाची पाने आधी मलूल होतात, तेही पाहावे. पाण्याचे तापमान, भिजवणीचे तास, सुकवणीनंतरचे वजन, पेरणीच्या दिवशीची ओल आणि या मोजण्या एकाच वहीत वाणाच्या नावाखाली लिहाव्यात. पुढच्या हंगामात त्या वाणाची भिजवण किती तास करायची, हे छापील कोष्टकाऐवजी या वहीवरून ठरवता येते.